चौदा सांधे

स्लीपर दोनशे अठ्ठ्याऐंशी. रुळाचे तुकडे अठ्ठावीस, एकेक सहा फुटांचा. वळणावरचे आतल्या अंगाचे तेवढे पाच-सहा बोटं आखूड. दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर, म्हणून सांधे चौदा. प्रत्येक सांध्याला दोन पट्ट्या आणि चार बोल्ट, म्हणजे पट्ट्या अठ्ठावीस आणि बोल्ट छप्पन्न. केरबानं परसात उकिडवं बसून सगळं दुसऱ्यांदा मोजलं. बोल्ट पुन्हा पंचावन्नच भरले.

"झालं का इन्स्पेक्शन, साहेब?" मागच्या दारातून बादशहा शिकलगार आत आला. त्याच्या खांद्यावर युरियाचं पोतं होतं आणि पोत्यात अकरा किलोचं इंजिन होतं. इस्लामपुरातून इथवर तो ते मोटरसायकलवर मांडीत घेऊन आला होता.

"येक बोल्ट कमी हाय."

"मग काय गाडी रद्द करायची?"

"येक कमी म्हंजी येक कमी."

"वैनी, ऐकलं का?" बादशहानं कट्ट्याकडं बघून आवाज चढवला. "रिटायर होऊन सात वर्सं झाली, पर मानूस अजून ड्यूटीवरच हाय."

कट्ट्यावर बसलेल्या अंजनानं मान त्याच्या आवाजाकडं वळवली. तिचे डोळे साखरेनं सहा वर्षांपूर्वीच नेले होते. उजव्या कानात मशीन होतं. "तुमी घरात न्हाई आवं राहात यांच्या," ती म्हणाली. "चमचं मोजून ठेवत्यात."

बादशहा हसला. खिशात हात घालून त्यानं एक बोल्ट काढला आणि केरबाच्या तळहातावर ठेवला. जादाचा म्हणून तो कारखान्यातून घेऊनच निघाला होता. चौथीपर्यंत दोघं एका बाकावर बसले होते. केरबा काय मोजणार आणि काय कमी भरणार, हे त्याला ठाऊक होतं.

ताकारीच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात, केरबाचं तीन खोल्यांचं घर होतं. मागं तीस फूट बाय वीस फुटांचं परस. त्यात एक पपई, एक शेवगा, दोन कढीपत्ते, जास्वंद आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू. सगळं अंजनानं लावलेलं. आता या सगळ्याला वळसा घालून चौऱ्याऐंशी फुटांचा लोहमार्ग पडला होता. दोन रुळांतलं अंतर एकशे पाच मिलिमीटर, म्हणजे खऱ्या रुळांतल्या अंतराचा सोळावा हिस्सा. तो हिस्सा केरबानं स्वतः काढला होता आणि दर दोन फुटांवर लाकडी मापानं तपासला होता.

रेल्वेत त्याला कीमन म्हणत, गावात चावीवाला. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरवी निशाणं घेऊन आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासायचा. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी चावी सुटली असली की ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा, सांध्यातली फट बघायची. नोकरी सदतीस वर्षांची, त्यातली चावीवाल्याची बावीस.

या खेळाची सुरुवात सांगलीतून झाली होती. मागच्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी अंजनाला काचेच्या खोलीत बसवून एक आलेख काढला. दोन रेघा, जिन्यानं खाली उतरल्यासारख्या. "नस कमजोर होत चालली आहे," डॉक्टर म्हणाले. "मशीननं आवाज मोठा होईल, पण नस नवी होणार नाही. डावा कान आता नाहीच म्हणा. उजव्याचं वर्ष, दीड वर्ष."

परतीला ते पॅसेंजरनं निघाले. भिलवडी मागं पडलं. मग अंजनानं विचारलं, "आवं, ही गाडी मुकी का झाली?"

"मुकी?"

"खटक-खटक न्हाई येत. का माजंच कान गेलं म्हनायचं?"

कान नव्हते गेले. रूळच आता एकमेकांना वितळवून जोडलेले होते. सांधेच उरले नव्हते, तर वाजणार काय? केरबानं तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तिला ते सांगितलं.

"मग मी काय ऐकायचं?" ती म्हणाली.

या प्रश्नाला एक इतिहास होता. कराडच्या बाजूला रुळाकाठच्या क्वार्टरमध्ये त्यांनी अठरा वर्षं काढली होती. भाकऱ्या थापता थापता अंजना गाड्या ऐकायची. "मोरीच्या अलीकडं येक सांधा फुटक्या गाडग्यावानी वाजतोय बगा," असं म्हणायची, आणि केरबा जाऊन बघायचा तर पट्टी ढिली झालेली असायची. एका थंडीत तिनं त्याला जेवत्या ताटावरून उठवलं होतं. "ह्यो आवाज निराळा हाय," एवढंच म्हणाली. तो गेला, तर रुळाला बोटभर तडा होता. पुढच्या गाडीला त्यानं लाल निशाण दाखवलं. त्याबद्दल त्याला साहेबांच्या हातून सन्मानपत्र मिळालं. 'गस्तीवर असताना सतर्कतेने' असं त्यात टंकलेलं होतं. गस्तीवर नव्हतो, जेवत होतो, बायकोनं ऐकलं, हे सांगायला केरबाची जीभ रेटली नाही. सन्मानपत्र अजून पुढच्या खोलीत टांगलेलं होतं. त्यावरून अंजना कधीमधी टोमणा मारायची, "शाबासकी तुमची, कान माजं." ती हसत म्हणायची, आणि तोही हसायचा.

तर गाडीत तिनं ते विचारलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात केरबा इस्लामपूरला बादशहाच्या लेथवर जाऊन बसला. रुळासाठी त्यानं खिडक्यावाल्याकडून अल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. परसात रोज पाणी पडतं, लोखंड गंजलं असतं. इंजिनाला जुन्या टेम्पोच्या वायपरची मोटर आणि बारा व्होल्टची बॅटरी. मागं दोन डबे, आणि दोन्हीत दोन-दोन विटा. विटा बादशहाच्या डोक्यातनं निघाल्या. "गाडीला वजन न्हाई तर सांध्याला आवाज न्हाई," तो म्हणाला होता.

त्या जानेवारीच्या सकाळी साडेसात वाजता केरबानं छप्पन्नावा बोल्ट आवळला, अंजनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिनाची कळ दाबली. खांद्यावर हात म्हणजे गाडी सुटली, असं दोघांचं ठरलेलं होतं.

गाडी अळूच्या बाजूनं निघाली. खटक-खटक, मग थोडी शांतता, पुन्हा खटक-खटक. अंजना एकेका सांध्याला मांडीवर एकेक बोट मिटत होती. गाडी पपईला वळसा घालून, दोन्ही कढीपत्त्यांच्या मधून, जास्वंदीखालून परत कट्ट्याशी आली. एक मिनिट दहा सेकंद.

"चौदा," अंजना म्हणाली.

"बरूबर," बादशहा म्हणाला.

"पर नववा फुटका वाजतोय."

केरबा नवव्या सांध्याशी गेला आणि पाना लावला. एक बोल्ट पाव फेरा ढिला होता. तो तसाच बसून राहिला, पाना हातात धरून, आणि त्याची मान बराच वेळ वर आली नाही. बादशहानं शेवग्याच्या शेंगा बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की गाडी सुटायची.

मार्चमध्ये त्यांची लेक संयोगिता आली. वडूजला शाळेत शिकवायची. दर सकाळी सातला आईला फोन करायची, पण गाडी तिनं पाहिली नव्हती. आली तीच दुपारी, आणि चारच्या एसटीनं परत जायचं होतं.

"आण्णा, आत्ताच दाखवा ना," ती म्हणाली. "सकाळपर्यंत कुठं थांबू मी?"

दोन वाजले होते. ऊन असं की परसातल्या खडीवर पाय ठरत नव्हता. केरबानं शेवग्याच्या सावलीत खुर्ची टाकून अंजनाला बसवलं, खांद्यावर हात ठेवला, कळ दाबली. लेक मोबाइलवर चित्रण करत होती आणि मधूनच "अगंबाई, किती गोड," म्हणत होती. केरबा गाडी ऐकत नव्हता. तो अंजनाचं तोंड बघत होता. तिचं बोट मिटत नव्हतं. गाडी पपईला वळली, कढीपत्त्यातून गेली, परत आली. बोटं जशीच्या तशी उघडी.

"चालू करा की," अंजना म्हणाली.

लेकीनं मोबाइल खाली घेतला.

कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याचीच अंजनाला जाणीव झाली असावी. ती खुर्चीचा हात चाचपत उठली. "चालून गेली व्हय," ती म्हणाली. "बरं." आणि भिंतीच्या आधारानं आत गेली. मशीन काढून तिनं डबीत ठेवलं. लेकीचा सकाळचा फोन होईपर्यंत कानात घालायची, तो झाला की पुन्हा डबीत. परसात काही ती आली नाही. केरबानं दोनदा बोलावलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "डाक्टर वरीस म्हनला हुता. दोन म्हयनं आदीच गेलं. त्यात काय."

चौथ्या दिवशी दुपारी केरबा नुसताच रूळ तपासायला गेला. गाडी चालो न चालो, रूळ तपासायचा, ही सवय. पपईच्या वळणावर बाहेरचा रूळ बोटभर सरकलेला होता, स्लीपरचे खिळे उचकटलेले. तो खाली बसला आणि सांध्याकडं बघत राहिला. फट नव्हती. नख जाईना. तो पुढच्या सांध्याशी गेला, मग त्याच्या पुढच्या. चौदाही सांधे घट्ट मिटलेले होते. त्यानं डबा हातानं ढकलून बघितला. चाक लोण्यावरून गेल्यासारखं गेलं. आवाज नव्हता. कुणालाच ऐकू आला नसता.

त्यानं बादशहाला फोन लावला. सगळं ऐकून पलीकडून एक उसासा आला.

"फट किती सोडली हुती गड्या?"

"येक मिलिमीटर. तेरा मीटरच्या रुळाला जेवडी सोडतो त्येचा सातवा हिस्सा. हिशेब बरूबर हाय."

"हिशेब लोखंडाचा हाय, केरबा. तू घातलंयस अल्युमिनियम. ते उनात दुप्पट वाडतंय."

सदतीस वर्षांत फटीच्या बाबतीत त्याच्या हातून चूक झाली नव्हती. झाली ती इथं, आणि सरावाच्या हातानं झाली. थंडीत सकाळी लावलेली एक मिलिमीटरची फट मार्चच्या उन्हात अकरा वाजताच मिटत होती. दोनला गाडी सुटली तेव्हा त्या परसात ऐकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, आणि ते न ऐकू आल्याचा दोष अंजनानं आपल्या कानांना लावून घेतला होता.

त्यानं आत जाऊन तिच्या कानाशी ओरडून ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग त्याच्या दंडावर थोपटलं. "मनाला लावून घिऊ नका तुमी," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

मग त्यानं सांगणं सोडून दिलं. दोन दिवस करवतीनं आणि कानशीनं एकेका रुळाचं टोक मिलिमीटरभर कमी केलं. तिसऱ्या दिवशी सातला संयोगिताचा फोन आला. तो झाला, अंजना डबी शोधायला हात लांब करत होती, तेवढ्यात परसात केरबानं कळ दाबली. या वेळी त्यानं खांद्यावर हात ठेवला नव्हता.

मागच्या दारात अंजना दिसली. चौकटीला धरून उभी. मशीन कानातच.

"थांबा," ती म्हणाली, जणू कुणी बोलत होतं. "पाच. सा." ती तशीच उभी राहून बोटं मिटत गेली. गाडी दारापाशी आली तेव्हा म्हणाली, "सुरवातीचं चुकलं माजं. पर दहा तरी असतील."

"फिरून सोडतो," केरबा म्हणाला, आणि खांद्यावर हात ठेवला.

"चौदा," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "म्हंजी तवा खरंच तुमची चूक हुती?"

"माजी हुती."

"लय बरं झालं," अंजना म्हणाली, आणि दारातच बसून हसायला लागली.

तो उन्हाळा बरा गेला. पावसाळ्यात रुळांवर ताडपत्री पडायची आणि उघडीप मिळाली की निघायची. फोनवर संयोगिता एकदा म्हणाली, "आई हल्ली माझं ऐकूनच घेत नाही, आण्णा. आपलंच सांगत सुटते." केरबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंजना बोलकी झाली होती. सकाळी तो पुढ्यात यायच्या आत ती सुरू व्हायची: अळू तोडा, शेवग्याला कीड हाय का बगा, बादशहाभाऊंच्या नातीचं लगीन कवा हाय. तो काही विचारी, तर "व्हय, व्हय," म्हणे. आणि गाडी फिरून आली की रोज म्हणे, "चौदा." फुटका सांधा तिनं पावसाळ्यापासून एकही सांगितला नव्हता. केरबाला वाटलं, पट्ट्या आता पक्क्या बसल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी भिंतीवरच्या तापमापकात बारा अंश होते. केरबानं अंजनाला कट्ट्यावर बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, खांद्यावर हात ठेवून कळ दाबली. गाडी निघाली. थंडीनं फटी पुऱ्या उघडलेल्या, सांधे हातोड्यासारखे वाजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या सांध्यानंतर, पहिल्या कढीपत्त्याच्या अलीकडं, इंजिनाचा आवाज रडका झाला आणि गाडी थांबली. बॅटरी उतरली होती. रात्री चार्जरची पिन नीट बसली नसणार.

"आगं, बॅटरी—" केरबा वळून म्हणाला, आणि थांबला.

अंजना मान किंचित कलती करून बसली होती. मांडीवर बोटं एकामागून एक मिटत होती, सारख्या अंतरानं. ओठ हलत होते. परसात कुठलाच आवाज नव्हता. उसाच्या पल्याड एक ट्रॅक्टर होता, तोही लांब. केरबा उभ्या जागी उभा राहिला. गाडी कढीपत्त्याशी, तो पपईशी, ती कट्ट्यावर. ती आकडे मोजत होती, सांधे नव्हे. एक मिनिट दहा सेकंद भरली असतील, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"चौदा," ती म्हणाली.

तो जाऊन तिच्याजवळ बसला. रोजच्यासारखा तिचा हात हातात घेऊन दाबला.

"आज लय झ्याक वाजली," अंजना म्हणाली.

तिला आत सोडून त्यानं गाडी हातानं ढकलत उरलेले नऊ सांधे पार केले आणि कट्ट्याशी आणून उभी केली.

कधीपासून, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं तरी तिला ऐकू येणार नव्हतं. त्यानं फक्त मागचे महिने मनात चालून बघितले, जसा रूळ चालायचा तसे. आणि "व्हय, व्हय" दिसलं, तो येण्याआधी सुरू होणारी बडबड दिसली, फुटका सांधा नसणं दिसलं. हे सगळं त्याच्या रोजच्या हद्दीतलं होतं आणि तो त्यावरून रोज गेला होता.

बादशहा आला तेव्हा केरबानं त्याला सांगितलं. बादशहानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिला कळलंय का, की तुला कळलंय?"

"न्हाई."

"मग राहू दे की रं. ती तुज्यासाठनं चौदा म्हनती, तू तिच्यासाठनं गाडी सोड. कुनाचं काय बिघडतंय?"

"मला न्हाई जमत."

"का जमत न्हाई?"

"अरं, रोज सकाळी तिला खोटं बोलाय लावतोय मी," केरबा म्हणाला. "मी हात ठिवला की तिला बोलावंच लागतं. सदतीस वर्सांत मी येकदाच खोटं लिवून घेतलं, ते अजून भितीवर हाय. तिच्याकडनं रोज न्हाई घ्यायचं."

बादशहानं टोपी घातली. जाताना इंजिनाच्या टपावरून त्यानं एकदा हात फिरवला. "काडनार असशील तर इंजान मी न्हेनार न्हाई," तो म्हणाला. "हितंच असू दे."

रविवारी सकाळी नऊ वाजता केरबानं कटावणी, हातोडा आणि पाना घेतला. इंजिन आणि डबे त्यानं कट्ट्याखाली ठेवले. अळूच्या बाजूच्या पहिल्या सांध्यापासून उखडत जायचं, रूळ खिडक्यावाल्याला परत द्यायचे, खडी अळूत ओतायची, असं मनाशी ठरवलं. अंजना परसातच होती. आमटीच्या फोडणीला कढीपत्ता हवा म्हणून चाचपत आली होती आणि दुसऱ्या झाडाशी खाली बसली होती, एक हात फांदीत, दुसरा आधाराला जमिनीवर. तिला काही सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यानं सांगितलं नाही. बोल्ट गंजले नव्हते, पण धूळ बसून घट्ट झाले होते. पान्याला दाद देईनात. त्यानं कटावणीचं टोक पट्टीखाली सारलं आणि हातोड्याचा एक ठोका दिला. मग दुसरा.

"कोन ठोकतंय?" अंजना म्हणाली.

केरबाचा हात वरच थांबला.

मान वळवून त्यानं बघितलं. त्याच्यापासून ती पंधरा-सोळा फुटांवर होती. मशीन कानात नव्हतं. ते तिनं हल्ली घालणंच सोडलं होतं. तिचा डावा तळहात रुळावर टेकलेला होता.

त्यानं हलकेच एक ठोका दिला.

"तुमीच हाय न्हवं?" ती म्हणाली. तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. किती मोठा, हे तिला कळत नव्हतं. "काय झालंय सांद्याला?"

त्यानं तीन ठोके दिले.

"तीन," अंजना म्हणाली. मग फांदीतला हात काढून तिनं तोही रुळावर ठेवला. मग आवाज एकदम खाली आला. "आवं, कानाला न्हाई लागत. ते मागंच थांबलं. श्रावनात थांबलं. तुमी रोज हौसंनं सोडताय म्हनून मी आपली मोजत हुते." तिनं बोटं रुळावरून पुढं-मागं फिरवली. "ह्ये हाताला लागतंय."

केरबानं कटावणी काढून घेतली. पट्टी दाबून बसवली, बोल्ट घट्टच आहेत याची पाना लावून खात्री केली. कट्ट्याखालून इंजिन आणलं, डबे जोडले, विटा नीट ठेवल्या. बॅटरी भरलेली होती. तो अंजनापाशी गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलेला हात त्यानं मागं घेतला. या वेळी काहीही न सांगता सोडायची होती. इंजिन त्यानं परसाच्या पार पलीकडच्या अंगाला, शेवग्याखाली, रुळावर रोजच्यापेक्षा उलट्या तोंडानं ठेवलं आणि कळ दाबली.

गाडी निघाली. तो तिच्या बरोबरीनं वाकून चालत राहिला, एक बोट कळीवर धरून. गाडी जास्वंदीखालून गेली. अंजना दोन्ही तळहात रुळावर ठेवून बसली होती. तिची बोटं मिटत नव्हती आणि ओठ हलत नव्हते. एक सांधा गेला. दुसरा गेला. गाडी वळण घेऊन सरळ रुळाला लागली.

"आली," अंजना म्हणाली.

केरबानं कळ बंद केली. गाडी जागच्या जागी थांबली. खिशातला टेप काढून त्यानं त्याचं टोक तिच्या मधल्या बोटापाशी रुळावर धरलं आणि इंजिनाच्या पुढच्या चाकापर्यंत ओढत नेलं. मग डोळे आकडा नीट लागेपर्यंत तो खाली वाकला.

सात फूट दोन इंच.